जावयाचा मिस कॉल

समोरचा माणूस चुकतोय हे दिसत असताना मला गप्प बसवत नाही. यात माझा काही दोष नाही, देवानं दृष्टीच तशी दिली आहे. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत वळायच्या आधीच माझा हात त्याच्या खांद्यावर पडलेला असतो. मनीषा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, फोडणीला मोहरी टाकतात तेव्हा तेल अजून तापलेलं नाही हे मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघता बघता सांगू शकतो. आणि माझं बरोबर असतं! याबद्दल आजवर कुणी माझे आभार मानलेत म्हणाल, तर नाव नको.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. मी तेव्हा नाशकात कॉलेज रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीडर होतो. कंपनी म्हणजे रक्त-लघवी तपासायच्या लॅबच्या वरचा फ्लॅट, आणि टीम म्हणजे एक ज्युनिअर. मात्र हा ज्युनिअर टिकत नव्हता. एकापाठोपाठ एक असे तिघं सोडून गेले, आणि जाताना तिघांनी मालकांना कारण एकच सांगितलं, की बोरस्ते सर की-बोर्ड सोडत नाहीत.

अहो, पण ते चुकत होते! चुकीची ओळ टाइप होताना बघत बसू? मी आपला खुर्ची सरकवायचो, म्हणायचो, "सरक रे जरा," आणि मग संध्याकाळपर्यंत तो उभा आणि मी बसलेला, एवढंच व्हायचं. यात राजीनामा देण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

आमचे मालक हुजैफाभाई. बोहरी माणूस, मेन रोडला वडिलांचं पाइप आणि नळांचं पिढीजात दुकान. हुजैफाभाई माणूस सोन्यासारखा, फक्त त्यांना शिबिराला जाऊ देऊ नये. तिसरा ज्युनिअर गेल्यावर ते पुण्याला कुठल्याशा हॉटेलात मॅनेजमेंटच्या शिबिराला गेले आणि परत आले ते डोळ्यांत वेगळंच तेज घेऊन.

"बोरस्ते, उद्यापासून नवी मुलगी येतेय. तिला चुकू द्यायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकू द्यायचं! इन्सान चुकूनच शिकतो. तू उत्तर सांगायचं नाही, की-बोर्डला हात लावायचा नाही. तिनं काही विचारलं तर एकच सवाल करायचा, 'तुला काय वाटतं?' बस्."

"आणि तिनं भलतंच काही करून ठेवलं तर?"

"करू दे ना! आणि ऐक, ही पण गेली ना, तर तू मेन रोडला. माझ्या बावाजींच्या दुकानात पाइपांचा स्टॉक कॉम्प्युटरवर चढवायला माणूस पाहिजेच आहे."

आता मला सांगा, मी पदव्युत्तर माणूस. कॉलनीत लोक मला 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात. तो मी पाइपांची अर्ध्या इंचाची कोपरं मोजत बसणार? मी त्याच क्षणी जिभेला गाठ मारली.

नवी मुलगी म्हणजे सुवर्णा आहेर, देवळ्याची. बारीक चणीची, हुशार, आणि बोलायला फटकळ. घरून माझ्या मोबाइलवर फोन आला की "आई, माले काम शे" म्हणून दोन शब्दांत संपवायची आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालायची. पहिल्याच दिवशी हुजैफाभाईंनी तिलाही 'इन्सान चुकूनच शिकतो' हे ऐकवलं. मग तिनं मला विचारलं, "सर, हे असं करू की तसं?" असं केलं असतं तर तासाचं काम होतं, तसं केलं तर आठवड्याचं. मी ओठ आवळले आणि म्हणालो, "तुला काय वाटतं?"

तिनं तसं केलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

मी त्या दिवसांत काय सोसलं हे शेजाऱ्यांनाही दिसत होतं. आमच्या खालच्या मजल्यावर भिकनमामा राहतात, त्यांचा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा. ते म्हणाले, "बोरस्ते, शिकाऊ माणसाशेजारी बसायचं म्हणजे पाय ब्रेकवर अन् तोंड बंद. मी तर डुलकी काढतो."

"आणि त्यानं खांबावर घातली तर?"

"खांब म्युन्सिपाल्टीचा असतो."

वरच्या मजल्यावरच्या कलाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी गॅलरीतून वाकून हे ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही. "काही ऐकू नका त्यांचं. मुलांना चुकू दिलं की चुकीचंच पाठ होतं. माझ्या वर्गात मी कुणाला तोंडच उघडू द्यायचे नाही."

"मग मुलं शिकली का?"

"एक आमदार झाला," कलाबाई म्हणाल्या.

असो. तर त्या सुमारास माझ्या सासऱ्यांनी आम्हाला एक काम मिळवून दिलं. सासरे चिमाजीराव, वणी रस्त्यावरच्या एका गावात त्यांची द्राक्षबाग. तिथं चाळीसेक बागायतदारांचा एक गट आहे. थंडी उतरली की द्राक्षाचा मणी तडकतो, मग बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पाऊस आला की वेगळी धावपळ, गारा आल्या की देवाचं नाव. गटाला पाहिजे होतं असं, की हवामानाची बातमी आली रे आली की सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम कळावी. चिमाजीराव गटाच्या बैठकीत छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमचं पाव्हणं करतील. कॉम्पुटरवालं हायती." झालं! म्हणजे माझी नोकरी आणि माझी सासरची इज्जत, दोन्ही देवळ्याच्या त्या मुलीच्या हातात, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

सुवर्णानं काढलेली युक्ती मात्र मला मनापासून आवडली होती. फोन उचलला की पैसे पडतात, मिस कॉलला पडत नाहीत. तेव्हा अख्खा जिल्हा मिस कॉलवरच चालायचा. दूधवाला आला, एक मिस कॉल. पोरगी होस्टेलला सुखरूप पोचली, दोन मिस कॉल. सुवर्णा म्हणाली, "सर, मोबाइल वायरनं कॉम्प्युटरला जोडू. कॉम्प्युटर एकेकाला फोन लावेल, एक रिंग झाली की कापेल. एक मिस कॉल म्हणजे थंडी, दोन म्हणजे पाऊस, तीन म्हणजे गारा."

गटाच्या बैठकीत हे मांडलं तर तिथं तासभर चर्चा. एकानं चार मिस कॉल बिबट्यासाठी राखून ठेवायची मागणी केली. अध्यक्षांना वाटत होतं, की अध्यक्ष बैठक बोलावतात त्याचा वेगळा मिस कॉल पाहिजे, त्याशिवाय पदाला मान नाही. शेवटी गटाचे सेक्रेटरी सावळीराम यांनी बिबट्याला आणि अध्यक्षांना एकत्रच पुढच्या बैठकीवर ढकललं.

मग अडलं सिमकार्डावर. कंपनीच्या नावानं नवं कार्ड घ्यायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. आमचं लाइटबिल घरमालकांच्या नावानं, आणि घरमालक वारलेले. मोबाइलच्या दुकानातला माणूस म्हणाला, "त्यांची सही आणा." मी म्हटलं, "ते वारले." तो म्हणाला, "मग वारल्याचा दाखला आणा आणि त्यावर त्यांची सही आणा." मी या विषयावर त्याच्याशी बराच वेळ वाद घातला, कारण चुकत तो होता आणि त्याच्या बाबतीत मला हुजैफाभाईंची बंदी नव्हती. कार्ड काही मिळालं नाही. शेवटी मी मोठ्या मनानं म्हटलं, "माझाच मोबाइल लावा. माझा नंबर गावात सगळ्यांकडे आहे."

आणि होताच. एका घरचा जावई तो अख्ख्या गावचा जावई, असा आमच्या सासरचा प्रेमळ रिवाज आहे. चिमाजीरावांनी माझा नंबर ज्याला त्याला वाटलेला, आणि प्रत्येकानं तो 'जावई' याच नावानं मोबाइलमध्ये ठेवलेला. सुवर्णानं हे ऐकलं, माझ्याकडे क्षणभर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, मुलगी माझ्या त्यागानं भारावली.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग तिनं प्रोग्राममध्ये 'पोच' घातली.

म्हणजे असं, की ज्याला मिस कॉल मिळाला त्यानं उलट एक मिस कॉल द्यायचा. तो आला की कॉम्प्युटर समजणार, याला कळलं. नाही आला तर याला कळलं नाही, लावा पुन्हा फोन. ऐकायला किती छान! पण मी तिच्या पाठीमागे उभा राहून ती ओळ वाचली आणि मनात आकडेमोड केली. अहो, चाळीस जणांना फोन लावणारा मोबाइल एकच. तो बापडा एकामागून एक फोन लावण्यात गुंतलेला. लोक उलट फोन करणार तेव्हा तो लागणार कसा? एंगेज! म्हणजे पोच नाही. पोच नाही म्हणून प्रोग्राम पुन्हा लावणार. म्हणजे दुसरा मिस कॉल. म्हणजे थंडीचा झाला पाऊस. मग तिसरा. झाल्या गारा!

शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मला डोळ्यांसमोर मेन रोडवरची पाइपांची रास दिसली. मी तडक माठाकडे गेलो आणि पाणी प्यायलो. परत आलो तर ती माझ्याकडेच बघत होती.

"सर, बरोबर आहे ना हे?"

"तुला काय वाटतं?"

"मला बरोबर वाटतंय. तुम्हाला?"

"मला काय वाटतं याला महत्त्व नाही," असं म्हणून मी पुन्हा पाणी प्यायलो.

"मग रविवारी दुपारी तालीम घेऊ? थंडीचा मिस कॉल सोडून बघू. रविवारी लोक निवांत असतात."

रविवारी दुपारी सावळीरामांच्या मुलीचं लग्न होतं. अख्खा गट मांडवात असणार होता. मीही असणार होतो, फेटा बांधून, पहिल्या रांगेत. मी तिसऱ्यांदा पाणी प्यायलो आणि तिला तोच प्रश्न विचारला. तिनं सावळीरामांना फोन करून तालमीचं सांगितलं. ते म्हणाले, "सांगतो की सगळ्यांना." मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेला बाप ते किती लक्षात ठेवणार, हे तुम्हीच ठरवा.

ते चार दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. त्यात तो प्रश्न जिभेवर इतका बसला होता, की मनीषानं "आमटी खारट झालीय का हो?" विचारलं आणि मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" त्यानंतर मला वाढायलाच कुणी आलं नाही.

रविवारी मी मोबाइल ऑफिसात सुवर्णाच्या हवाली करून लग्नाला गेलो. लग्न वेळेवर लागलं असतं तर पुढचा प्रकार टळला असता. पण नवरदेवाकडची मंडळी बँडपुढे नाचत होती आणि नवरदेव, गटातलाच बागायतदार राज, घोड्यावर बसून त्यांच्याकडे हताशपणे बघत होता. आम्ही मांडवात ताटकळत बसलेलो. एवढ्यात शेजारी बसलेल्या चिमाजीरावांच्या छातीवरच्या खिशात एक रिंग वाजली आणि थांबली.

त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, तुम्ही फोन केला व्हय मला?"

"नाही."

"हिथं तर जावई म्हनतंय."

मागच्या रांगेत एक रिंग वाजली. मग डावीकडे. मग आहेराच्या टेबलापाशी. "जावयाचा मिस कॉल!" "मला बी!" "एक म्हंजी काय रं?" "थंडी!" "भर उन्हाची?" "रातच्याला पडणार आसंल, आदी कळवत्यात." आणि सगळ्यांनी शहाण्या माणसांसारखं, ठरल्याप्रमाणे, उलट मिस कॉल द्यायला सुरुवात केली. "एंगेज लागतोय." "मला बी एंगेज."

मी सावळीरामांना शोधून काढलं. ते व्याह्यांच्या गळ्यात पडत होते. "तालमीचं सांगितलं का लोकांना?"

"आरं द्येवा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "इसरलोच की! सांगतो, सांगतो." आणि बँडवाल्याला आवरायला धावले.

तेवढ्यात दुसरी फेरी सुरू झाली. "दोन झालं! पाऊस हाय!" लोक मांडवाबाहेर जाऊन वर बघू लागले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. कुणीतरी सप्तशृंगीच्या डोंगराच्या बाजूला बोट दाखवून म्हणालं, "तिकडं काळं दिसतंय." मग सगळ्यांनाच तिकडं काळं दिसायला लागलं. मी प्रत्येकाच्या कानाशी जाऊन ओरडत होतो, "अहो, तालीम आहे, तालीम!" पण बँडच्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात आहेराचं पाकीटच ठेवलं.

नवरदेव एकदाचा बोहल्यावर चढला. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला आणि पहिलं मंगलाष्टक संपतं न संपतं तोच मांडवात रिंगांचा तिसरा फेरा आला.

"तीन! गारा!"

एकदम खुर्च्या सरकल्या. अंतरपाट धरलेल्या दोन्ही मामांची द्राक्षं काढणीला आलेली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि अंतरपाट भटजींच्या खांद्यावर टाकून ते निघाले. नवरदेवाच्या शेरवानीतही रिंग वाजली होती. राजचा काढलेला माल लग्नाच्या गडबडीत क्रेटमध्ये उघड्यावरच राहिलेला. त्यानं हार नवरीच्या हातात दिला.

"धर, आलोच."

"ताडपत्री घराच्या मागं हाय ना तुमची?" नवरी म्हणाली. ती बागायतदाराचीच मुलगी. "नीट झाकून या. हार कुठं पळून जातोय?"

मी बोहल्यावर चढलो आणि भटजींच्या हातातला माइक हिसकावला. "थांबा! गारा येणार नाहीत! मी सांगतो ना! मी जावई बोलतोय!"

"तुमचाच तर मिस कॉल हाय!" कुणीतरी पळता पळता ओरडलं.

"मी नाही केला!"

"मंग कुनी क्येला? तुमचा मोबाइल कुठंय?"

इतक्यात मनीषा पुढे आली. ती शांत होती, आणि ती शांत असली की मला घाम फुटतो. "खरंच, तुमचा मोबाइल कुणाकडं आहे?"

"सुवर्णाकडे," मी म्हणालो.

माइक चालू होता. अख्ख्या मांडवाला 'सुवर्णाकडे' ऐकू आलं, आणि पळणारी माणसंसुद्धा थांबली. गारांपायी सुटलेली धावपळ या एका शब्दानं घटकाभर थांबली.

"कोण सुवर्णा?" सासूबाईंनी विचारलं.

"मला वाटलंच हुतं," चुलत सासू शकुबाई म्हणाल्या. त्यांना कशावरून वाटलं होतं ते देव जाणे. "जावई लय वाळलाय अलीकडं."

"अहो, ज्युनिअर आहे माझी! ऑफिसात!"

"रविवारी?" मनीषा म्हणाली.

मी माइक भटजींना परत दिला. आयुष्यात माणसाची शोभा होते, पण ती लाउडस्पीकरवरून आणि सासुरवाडीत व्हावी, असं मी कुठल्या जन्मी काय केलं होतं? समोर मोटारसायकली धूळ उडवत बागांकडे निघाल्या होत्या, त्यातल्या एकीवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मागे बसला होता. सावळीराम रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून डोळे पुसत होते. त्यांच्याकडे बघून मात्र मला खरंच भडभडून आलं. त्यांच्या पोरीच्या लग्नाचा मुहूर्त हुकला होता, आणि ते टाळायला मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

चिमाजीरावांच्या खिशात फोन वाजला. या वेळी थांबला नाही. त्यांनी उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. सुवर्णाबाई हायती."

मनीषानं माझ्या कानाला कान लावला. मागून शकुबाईंनीही लावायचा प्रयत्न केला.

"सर, मी वायर उपटलीय," सुवर्णा एका दमात म्हणाली. "एकही पोच आली नाही. एकाच फोनवरून लावतोय, मग उलट लागणार कसा? इतकं साधं मला दिसलं नाही. तिकडं काय झालं?"

मी तिकडं काय झालं ते सांगितलं. मग एकदम तिचा आवाज बदलला.

"सर, तुम्हाला हे दिसलं होतं ना?"

"म्हणजे, तसं..."

"दिसलं होतं! माझ्या मागे उभे राहिलात आणि तीन वेळा पाणी प्यायला गेलात. मी विचारलंसुद्धा, बरोबर आहे का म्हणून. तुम्ही मजा बघत बसलात! एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली आणि तुम्ही मला शिकवत होतात? मी उद्यापासून येणार नाही, सर."

आणि माझा बांध फुटला. "मजा? मी मजा बघत होतो? अगं, चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही! रात्री दचकून उठत होतो! तुला एक शब्द सांगायचा नाही म्हणून मला ताकीद होती. पण तुला तरी अक्कल नको? एक मोबाइल, चाळीस माणसं! साधा ऑफिसातल्या तिघांवर प्रयोग करून बघायचा! आणि तालीम घेताना माणसं कुठं असतील याची चौकशी करायची असते! मुहूर्ताचे दिवस आहेत, कॅलेंडर बघता येत नाही?"

इतकं बोलल्यावर मला महिन्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. मनीषानं तोंडाला पदर लावला होता, हसत होती की काय कोण जाणे.

"हे सगळं आधी बोलायला काय झालं होतं?" सुवर्णा म्हणाली. पण तिचा राग जरा उतरल्यासारखा वाटला. मग ती हळूच म्हणाली, "सर, एक सांगू? तुमचीही एक चूक झाली होती. मला तेव्हाच दिसली होती."

"माझी? कुठली?"

"स्वतःचा मोबाइल इथं ठेवलात ती. सगळ्यांकडे तुम्ही 'जावई'. म्हणजे तुम्ही लोकांसमोर उभे असताना तुमच्याच नंबरवरून फोन येणार. शिवाय काही बिघडलं आणि थांबवायचं झालं, तर तुम्ही मला फोन कुठं करणार? हा मोबाइल एंगेज, माझा स्वतःचा नाही. लँडलाइनवर तर दिवसभर इंटरनेट चालू असतं. तुम्ही मोबाइल देतो म्हणालात तेव्हाच माझ्या तोंडावर आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सर शिकतील."

मी फोन चिमाजीरावांना परत दिला. शकुबाईंनी विचारलं, "काय म्हनती?" मनीषानं सांगितलं, "मुलगी चांगली आहे." आणि पदर सोडून खदाखदा हसायला लागली.

उन्हात तापून, घामानं निथळून मंडळी तासाभरात परत आली. गाराच काय, ढगही नव्हता. भटजींनी तिन्हीसांजेचा मुहूर्त काढून दिला आणि लग्न लागलं. पंगतीत मला वाढणाऱ्या प्रत्येकानं पानात वाढण्याआधी "जावई, कुठं पाऊस?" असं विचारलं. चिमाजीरावांनी माझ्या ताटाशेजारून आपलं ताट उचललं आणि दोन माणसं सोडून बसले. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी सकाळी हुजैफाभाई आमच्या आधी येऊन बसले होते. गटाच्या अध्यक्षांनी त्यांना फोन केलेला, आणि अध्यक्षांना वेगळा मिस कॉल न दिल्याचा रागही त्यातच काढलेला. सुवर्णा आली होती. ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून तिला दारात बघून मी उगाचच उठून उभा राहिलो.

"चूक कुणाची?" हुजैफाभाईंनी विचारलं.

"माझी," सुवर्णा म्हणाली. "पण सरांना ती दिसली होती आणि ते बोलले नाहीत."

"तुम्हीच बोलू नको म्हणालात!" मी म्हटलं.

"मी कधी म्हटलं, गप बस? मी म्हटलं, उत्तर देऊ नको! 'अगं, हे पुन्हा बघ' एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं?" हुजैफाभाई टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "बोरस्ते, मला वाटतं, तुझी मेन रोडला जायची वेळ आली."

"मग मीही जाते," सुवर्णा म्हणाली. "काल सर मला मांडवातून ओरडले. त्या ओरडण्यात मी जेवढं शिकले तेवढं इथं आल्यापासून शिकले नव्हते. मला चुकताना थांबवणारा माणूस आत्ता कुठं मिळालाय आणि तुम्ही त्याला पाइप मोजायला पाठवताय."

कुणाला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

हुजैफाभाई आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिले. "म्हणजे माझा नियमच गलत होता, असं म्हणायचंय तुम्हाला?"

सुवर्णानं की-बोर्ड उगाच सरळ केला.

"आणि हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं?"

मी मान डोलावली. सुवर्णानंही डोलावली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

"अरे मग महिनाभर एकानं पण मला सांगितलं का नाही?" हुजैफाभाई टेबलावर हात आपटून ओरडले.

सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी मी तिला थांबवू शकलो असतो.

"म्हटलं," ती म्हणाली, "तुम्हालाही शिकू द्यावं."